सपाट बाजू फ्लायव्हीलकडे

१

जपानमधल्या किर्यू गावच्या त्या गल्लीत सुगानुमांच्या गॅरेजासमोरून जाणाऱ्याला आतून अधूनमधून ओरडणं ऐकू यायचं. नवीन माणूस दचकायचा. गल्लीतले जुने लोक सांगायचे, भांडण नाही हो, म्हातारा बोल्ट आवळतोय.

सुगानुमा तरुणपणी बसच्या आगारात कामाला होते. तिथली शिस्त अशी, की जे काम केलं त्याच्याकडे हात लांब करून बोट रोखायचं, ते कसं आहे ते मोठ्याने सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, ‘योशी!’ म्हणजे ठीक. मग दुसऱ्या माणसाने ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि उलट उत्तर द्यायचं, ‘योशी!’ असे दोन योशी झाल्याशिवाय पुढच्या कामाला हात लावायचा नाही. हात चुकतात, डोळे चुकतात, पण बोट, डोळे, तोंड आणि वर दुसरा माणूस असे चौघे एकदम चुकत नाहीत, असा त्यामागचा हिशोब. पुढे गॅरेज स्वतःचं झालं, हाताखालचा हिरामा आठ वर्षांपूर्वी शिकून बाहेर पडला आणि दुसरा माणूस म्हणून उरली बायको, फुसाए. ती काचेपलीकडच्या ऑफिसात फोन घेता घेता उत्तर द्यायची. तिने येऊन बघावं असा नियम होता खरा, पण संसारात नियम थोडे सैल पडतातच.

त्या फेब्रुवारीत गाड्या उचलायच्या लिफ्टवर एकच गाडी होती. १९७० सालची, दोन दारांची, ओल्या वाटाण्याच्या रंगाची. आशिकागाच्या एका दातांच्या डॉक्टरची. सुगानुमांनी सात महिने खपून तिचं इंजिन, ब्रेक, वायरी सगळं नव्याने उभं केलं होतं. आता क्लच बसवायचा आणि गाडी द्यायची. नवी क्लचप्लेट कुठे मिळत नव्हती, म्हणून जुनीच ओसाकाला पाठवून तिच्यावर नवं अस्तर चढवून आणलं होतं.

क्लचप्लेट बसवणं अवघड काम नाही, पण चुकीला जागा देणारं आहे. थाळीएवढी चकती असते. एक बाजू सपाट, दुसरीकडे मधला भाग फुगीर, त्यात स्प्रिंगा. सपाट बाजू इंजिनच्या फ्लायव्हीलकडे, म्हणजे मागच्या जड चाकाकडे, आणि फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे. उलटी लावली तरी ती मुकाट बसते, बोल्टही आवळले जातात, वरून काही दिसत नाही. सगळं बंद करून गाडी चालवायला गेलं की मग कळतं, आणि परत अर्धा दिवस गिअरबॉक्स उतरवण्यात जातो.

या गाडीत चुकून चालणार नव्हतं. त्याला कारण होतं ऑक्टोबर. ऑक्टोबरात सुगानुमा घरची गाडी घेऊन पोस्टात गेले आणि चालत परत आले. मग गाडी चोरीला गेली म्हणून त्यांनी अख्खी दुपार गल्ली डोक्यावर घेतली. ताकासाकीला दिलेली मुलगी, चिहारू, दुसऱ्याच दिवशी आली आणि स्मरणशक्तीच्या तपासणीचं बोलू लागली.

“ही गाडी होऊ दे,” सुगानुमा तिला म्हणाले होते. “ही मी नीट उभी केली तर डॉक्टर नाही आणि फिक्टर नाही. हिच्यात चुकलो तर तू म्हणशील तिथे येतो, आणि शटर कायमचं खाली.”

“नक्की ना, बाबा?”

“सुगानुमाचा शब्द आहे.”

“शब्द आहे हो, पण तो तुमच्या लक्षात राहायला हवा ना!”

हे लागलं होतं त्यांना. म्हणूनच त्या सोमवारी त्यांनी रेडिओ बंद केला, हात दोनदा धुतले, फ्लायव्हील पुसून आरशासारखं केलं. मधोमध धरायला स्वतः कोरलेला लाकडी दांडा घेतला, प्लेट त्यावर चढवली, फ्लायव्हीलला टेकवली आणि हात लांब करून बोट रोखलं.

“सपाट बाजू फ्लायव्हीलकडे, योशी!”

“योशी,” मागून उत्तर आलं.

मग झाकण, मग सहा बोल्ट, समोरासमोरचे थोडे थोडे करून. प्रत्येक आवळलेल्या बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या झाकणावर उतरणारी पांढऱ्या रंगाची एक रेघ. बोल्ट केसभर जरी फिरला तरी ती रेघ तुटते. सहा रेघा मारून झाल्यावर सुगानुमांनी कंबर सरळ केली.

“अगं, चहा ठेव,” ते म्हणाले.

उत्तर आलं नाही. ऑफिसात रॉकेलचा स्टोव्ह जळत होता आणि खुर्ची रिकामी होती. अकागी डोंगरावरून येणारा कोरडा वारा शटर हलवत होता. वीसेक मिनिटांनी फुसाए बाहेरून आली, डोक्याचा रुमाल सोडत.

“काय हा वारा! पैसे देऊन केस कापून घेतले आणि दारापर्यंत येईतो झिंज्या झाल्या. बघा तरी!”

“तू कधी गेलीस?”

“दहाला. सांगून गेले की. तुम्ही ‘हूं’ म्हणालात.”

घड्याळात साडेअकरा झाले होते. प्लेट त्यांनी अकराच्या सुमाराला टेकवली होती. शेजारच्या चटयांच्या दुकानातल्या तातामीवाल्याने कुणाला तरी काही म्हटलं असेल, असं सुगानुमांनी ठरवलं आणि चहा प्यायले.

२

मंगळवारी सकाळी गिअरबॉक्स चढला. मागची चाकं हवेत ठेवून त्यांनी इंजिन चालू केलं. इंजिन काय गोड फिरत होतं! त्यांनी क्लच खोल दाबला आणि पहिला गिअर टाकायला गेले. आत दात करकरले. पुन्हा दाबला, पुन्हा करकर. पायडल पार फरशीला टेकलं तरी क्लच सुटत नव्हता.

सुगानुमांनी इंजिन बंद केलं. मग ते उतरले आणि गिअरबॉक्स खाली घेतला.

झाकणावर सहाच्या सहा रेघा जशाच्या तशा होत्या. त्यांनी चष्मा पुसून, दिवा जवळ नेऊन एकेक बघितली. कुठे तडा नाही, कुठे दुहेरी रंग नाही. म्हणजे त्यांनी बंद केल्यावर कुणी हात लावला नव्हता. मग त्यांनी बोल्ट सोडले आणि झाकण काढलं.

प्लेट उलटी होती. फुगीर बाजू फ्लायव्हीलला भिडलेली आणि मधल्या पत्र्यावर घासल्याचा गोल चट्टा.

तिथे उभ्या उभ्या त्यांनी विचार केला, आणि विचार करायला ते काही कच्चे नव्हते. एक तर रात्री कुणी येऊन सगळं उघडलं, प्लेट फिरवली, पुन्हा बंद करून त्यांच्याच हातच्या रेघा मारल्या. हे अशक्य. नाही तर त्यांनीच तोंडाने सपाट म्हणत, बोटाने सपाट दाखवत, हाताने उलटी लावली. हे शक्य होतं, आणि नेमकं तेच त्यांना नको होतं. खरं सांगायचं तर त्या घडीला त्यांना भूत चाललं असतं. भुताला नैवेद्य दाखवता येतो, मंत्र म्हणणारा भिक्षू बोलावता येतो. स्वतःच्या डोक्याला काय दाखवणार?

दुपारी फुसाएने रुंद पट्ट्यांचे हिमोकावा नूडल केले होते. सुगानुमा एक पट्टी चॉपस्टिकवर धरून बसले.

“क्लच झाला ना?” फुसाएने विचारलं. तिचा आवाज बसका होता. दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तो तसाच राहिला होता.

“बेअरिंग आवाज करतंय. परत उघडलंय.”

“मग तोंड का असं?”

“नूडल गरम आहे.”

“दहा मिनिटं हातात धरलंय त्याला. बर्फ झाला असेल त्याचा.”

त्यांनी पट्टी तोंडात घातली आणि न चावता गिळली. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याशी कामाबद्दल खोटं बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण आता आठवण्याचाच काय भरवसा, असं मनात आलं.

३

दुसऱ्या वेळी त्यांनी सगळी काळजी घेतली. चट्टा पॉलिश करून काढला. सपाट बाजूवर खडूने मोठं वर्तुळ काढलं. चिहारूने दिलेला फोन शोधून त्यावर फोटो काढायचं ठरवलं, जो फोन ते एरवी लाकडासारखा ड्रॉवरमध्ये टाकून ठेवायचे.

“मी बोललो की उत्तर दे हं,” त्यांनी काचेकडे ओरडून सांगितलं. काचेआड फुसाएने फोनवर बोलता बोलता हात हलवला.

दांडा. प्लेट. वर्तुळ आत, फ्लायव्हीलकडे. त्यांनी कडेने वाकून फोटो काढला. फुगीर बाजू स्वच्छ त्यांच्याकडे तोंड करून होती. मग बोट रोखलं.

“सपाट बाजू फ्लायव्हीलकडे, योशी!”

“योशी.”

झाकण. सहा बोल्ट. सहा रेघा. रेघांचाही फोटो. काम झाल्यावर त्यांना बरं वाटलं, इतकं की त्यांनी शीळही घातली.

गिअरबॉक्स चढवून, इंजिन चालू करून त्यांनी क्लच दाबला. पुन्हा तीच करकर.

ते ऑफिसात आले तेव्हा फुसाए तीनच्या चहाला तांदळाच्या चकत्या काढत होती. त्यांनी तिच्यासमोर फोन ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. उलटी प्लेट, न तुटलेल्या रेघा, दुपारचं खोटं, सगळं.

“फोटोत तर बरोबर दिसतंय,” ती शेवटी म्हणाली. मग तिने फोन डोळ्यांजवळ नेला. “अहो, हा फोटो एक वाजून चौदाचा. आणि रेघांचा दोन वाजून दोनचा. सहा बोल्टांना तुम्हाला पाऊण तास लागला?”

लागतात पंधरा मिनिटं. सुगानुमांना मधे थांबल्याचं आठवत नव्हतं.

“तू तर उत्तर दिलंस ना? तेव्हा मी काय करत होतो?”

फुसाएने चकत्यांची बशी खाली ठेवली.

“मी उत्तर दिलं नाही.”

“आज नाही दिलंस?”

“आज नाही, काल नाही. दोन वर्षं झाली. ऑपरेशननंतर माझा आवाज काचेपलीकडे जातो कुठे? पहिले काही दिवस दिलं, घसा दुखायचा. मग एक दिवस नाही दिलं, तर तुम्ही काही म्हणाला नाहीत. ओरडायचात, थोडं थांबायचात, मान हलवायचात आणि कामाला लागायचात. मला वाटलं, सवय झाली, आता यांना उत्तराची गरज नाही.” ती थांबली. “तुम्हाला उत्तर ऐकू येत होतं का?”

सुगानुमांनी खुर्ची ओढली आणि बसले. दोन वर्षं. या दोन वर्षांत लिफ्टवरून शेकडो गाड्या उतरल्या होत्या. शाळेच्या बसगाड्या होत्या त्यांत, शेजारणीची पांढरी छोटी गाडी होती. प्रत्येकीच्या प्रत्येक चाकाला त्यांनी बोट दाखवलं होतं, आणि प्रत्येक वेळी मागून कुणीतरी सांगितलं होतं, ठीक आहे. बायकोचाच आवाज म्हणून त्यांनी कधी मान वळवली नव्हती. आता तो आवाज आठवून बघितला तर तो बायकोचा नव्हता. बसका तर नव्हताच.

“शेजारचा तातामीवाला असेल,” फुसाए म्हणाली.

“असेल,” ते म्हणाले. तातामीवाल्याचं दुकान गेल्या उन्हाळ्यातच बंद झालं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

४

बुधवारी गिअरबॉक्स उतरवला तर प्लेट पुन्हा उलटीच होती. मग फुसाए स्वतः लिफ्टखाली आली. पालथ्या क्रेटवर उशी टाकून त्यांच्यासमोर, दोन हातांवर बसली, हातात चहाचा कप घेऊन. स्टोव्हही त्यांनी आत ओढला आणि त्यावर काठोकाठ भरलेली किटली ठेवली. दुपारचे दोन वाजले होते. छताच्या पारदर्शक पत्र्यातून ऊन येत होतं. इतक्या उजेडात, बायकोसमोर, काय होणार होतं?

“तोंड मिटून बस,” सुगानुमा म्हणाले. “मी तुझ्या ओठांकडे बघणार आहे.”

“लग्नात बघितलं नाहीत ते आता बघताय!”

ते हसले. प्लेट बरोबर बसली. फुगीर बाजू त्यांच्याकडे. फुसाएनेही वाकून बघितलं आणि मान डोलावली. त्यांनी बोट रोखलं, आणि डोळे मात्र बायकोच्या ओठांवर लावले.

“सपाट बाजू फ्लायव्हीलकडे, योशी!”

फुसाएचे ओठ मिटलेले होते.

“योशी.”

आवाज कोरडा होता, लहान होता आणि फार जवळचा होता. त्याला कसलीही घाई नव्हती.

फुसाएच्या हातून कप सुटला आणि फरशीवर फुटला.

“ऐकलंस?” सुगानुमा ओरडले. “अगं, ऐकलंस का तू?”

“ऐकलं.”

त्यांचे डोळे भरून आले. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने असं रडावं याची लाज वाटली, तरी त्यांना आवरेना. तिनेही ऐकलं होतं! म्हणजे आवाज खरा होता, कुठून का येईना. त्यांचं डोकं ठिकाणावर होतं. गॅरेजात काही असेल तर असू दे, ते निस्तरता येईल. ते पुढे होऊन तिचे हात धरायला गेले आणि ती क्रेटवरून उठून मागे सरकली.

“अहो, प्लेट बघा,” ती म्हणाली.

प्लेट दांड्यावर होती आणि उलटी होती. खडूचं वर्तुळ त्यांच्याकडे बघत होतं. त्यांच्या बोटांना खडू लागला होता. मग त्यांच्या नाकात जळका वास शिरला. मघाशी भरलेली किटली कोरडी पडून स्टोव्हवर तडतडत होती, आणि पत्र्यातलं ऊन फरशीवरून सरकून भिंतीवर चढलं होतं.

“किती वेळ झाला?”

“खूप. तुम्ही बोललात आणि बोट तसंच रोखून उभे राहिलात. मला वाटलं, आता हलाल, मग हलाल. मी हलले नाही, मला हलवेना. मग ते बोललं.”

“कुठून?”

फुसाए त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“तुमचे ओठ हलले,” ती म्हणाली. “आवाज तुमचा नव्हता. पण तोंड तुमचं होतं. मग तुम्ही प्लेट काढलीत, फिरवलीत आणि परत ठेवलीत. इतकं हळू, झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसं. मी हाक मारली. तीनदा मारली. तिसऱ्या वेळी तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत आणि…”

“आणि काय?”

“काही नाही. तेव्हाच कप पडला.”

सुगानुमांनी तोंडावर हात ठेवला. ओठ कोरडे होते आणि खूप बोलल्यावर होतात तसे दुखत होते.

५

फुसाए शहाणी बाई होती. रात्रभर विचार करून सकाळी तिने त्याचा अर्थ लावला. गाडी संपली की बरोबर-चूक याचा निकाल लागणार आणि चूक निघाली तर गॅरेज संपणार, म्हणून त्यांच्या मनाला ती संपवायची नाही. दिवसा ते प्लेट बसवतात आणि मनातलं दुसरं कुणीतरी ती फिरवतं. माणसाचं मन असं करतं. वर्तमानपत्रात अशा गोष्टी येतात. डॉक्टर यावर औषध देतात.

“आणि तो आवाज?”

“तोही तुमच्याच आतला. दुसऱ्या कुणाचा असणार?”

सुगानुमांना हे पटलं. पटलं म्हणजे, याहून बरं काही त्यांना सुचलं नाही. त्यांनी चिहारूला फोन करून तपासणीसाठी सोमवारची वेळ घ्यायला सांगितलं. ती पलीकडे रडली आणि ‘बाबा, शाबास’ म्हणाली. लहान मुलाला म्हणावं तसं ते शाबास त्यांना लागलं. पण गाडी तर दातांच्या डॉक्टरला द्यायलाच हवी होती. म्हणून त्यांनी हिरामाला बोलावलं.

शुक्रवारी दहाला हिरामा आला. आता तोही पंचेचाळिशीचा, पलीकडच्या वस्तीत स्वतःचं गॅरेज असलेला, पोट सुटलेला माणूस. सुगानुमांना तो अजून ओयाजीच म्हणायचा, म्हणजे बापूस.

“ओयाजी, एवढ्याशा कामाला मला बोलावता? मी उलटी प्लेट लावली होती तेव्हा तीन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात, आठवतं?”

“आठवतं. तेवढंच आठवतं,” सुगानुमा म्हणाले.

त्याला एवढंच सांगितलं होतं, की म्हाताऱ्याचा हात हल्ली चुकतो. तो हसत हसत कामाला लागला. सुगानुमा पालथ्या क्रेटवर बसले, दोन्ही तळहात मांडीखाली दाबून. तोंडात त्यांनी खारवलेल्या उमेच्या आंबट फळाची बी धरली होती, पुढच्या दातांत घट्ट चावून. दात उघडल्याशिवाय ओठ बोलू शकत नाहीत आणि दात उघडले तर बी पडणार. ही त्यांची स्वतःची युक्ती, बायकोलाही त्यांनी ती सांगितली नव्हती. फुसाए त्यांच्या पाठीशी उभी होती, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून.

हिरामाने प्लेट चढवली. सपाट बाजू आत. गुरूने लावलेली शिस्त तो विसरला नव्हता. त्याने ताठ उभं राहून हात लांब केला.

“सपाट बाजू फ्लायव्हीलकडे, योशी!”

सुगानुमांनी बी इतकी दाबली की हिरड्या दुखल्या. स्टोव्ह भुरभुरत होता. बाहेर वाऱ्याने कुणाची तरी बादली गडगडत गेली. हिरामा बोट रोखून उभा होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. हिरामाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं आणि मग तिथे काहीच राहिलं नाही. सुगानुमांच्या खांद्यावरचा हात सावकाश, एका ठेक्यात थोपटू लागला.

“योशी.”

दातांत बी होती. ओठ मिटलेले होते. आवाज त्यांच्या डोक्याच्या वरून आला होता.

त्यांनी मान वर केली. त्यांना फुसाएची हनुवटी दिसली, ऑपरेशनची आडवी खूण दिसली, आणि ओठ नुकते मिटताना दिसले. तिचे डोळे उघडे होते आणि समोर प्लेटवर होते. तिने खाली बघितलं नाही, आणि त्यांनी मनोमन विनवलं, की आता हिने खाली बघू नये. ते थोपटणं चालूच होतं. समोर हिरामाने प्लेट काढली, फिरवली, परत ठेवली. हलक्या हाताने, अगदी प्रेमाने.

आणि सुगानुमांच्या मनात पहिलं जे उसळलं तो आनंद होता. मी नाही! माझं डोकं शाबूत आहे! सोमवार नको, डॉक्टर नको, शटर नको! पुढे ज्या ज्या वेळी त्यांना तो क्षण आठवे, त्या त्या वेळी त्यांना याचीच लाज वाटे, की आधी आनंद झाला आणि मग कळलं, आपण कुणाच्या बदल्यात सुटलो ते.

थोपटणं थांबलं. हिरामाने झाकण उचललं, एक बोल्ट लावला आणि जांभई दिली.

“उत्तर तुम्ही दिलंत का, काकू?”

“मी?” फुसाए म्हणाली, आपल्या नेहमीच्या बसक्या आवाजात. “माझ्या घशातून एवढं निघतंय कुठे! मला वाटलं, तूच दोनदा म्हणालास.”

“छे! मी एकदाच…” हिरामाची नजर झाकणाच्या फटीतून आत गेली आणि त्याचा हात थांबला. “हे काय? ही उलटी कशी? मी तर…” त्याचा रंग उतरला. “काकू, मी सरळ लावली होती. तुम्ही बघितलंत ना?”

“बघितलं की. सरळच होती.” फुसाएचा हात त्यांच्या खांद्यावर घट्ट झाला. बोटं गार पडली होती. “मग कुणी… अहो?”

दोघंही सुगानुमांकडे बघत होती. त्यांच्या तोंडात पुरावा होता. नुसते ओठ उघडून दातांतली बी दाखवायची होती. मी बोललोच नाही, बघा, बोलूच शकत नव्हतो. मग सोमवारी डॉक्टरसमोरच्या खुर्चीवर कोण बसलं असतं? आणि आज, उद्या, स्वयंपाकघरात एकटी असताना, आपल्या ओठांना हात लावून बघत तिने दिवस कसे काढले असते?

त्यांनी बी जिभेवर घेतली आणि गिळली. ती घसा खरवडत खाली गेली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मी बोललो,” ते म्हणाले. “प्लेटही मीच फिरवली. तू झाकण घ्यायला वळलास ना हिरामा, तेव्हा उठून फिरवली. आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत. तुम्हाला दिसलं नाही एवढंच.”

हिरामाने हातातल्या झाकणाकडे बघितलं. झाकण घ्यायला तो वळला होता की नाही, हे त्यालाही नीट आठवत नसावं. मग त्याचे खांदे सैल पडले. माणसाला जे मानायचं असतं ते तो पटकन मानतो.

“ओयाजी,” तो हळू आवाजात म्हणाला, “तुम्ही आत जाऊन पडा. मी गाडी माझ्याकडे ओढून नेतो. डॉक्टरला मीच देईन. काळजी करू नका.”

“ने,” सुगानुमा म्हणाले. “तिकडे एकट्याने बसव. आणि हे बघ, बोलू नकोस. बोट दाखवू नकोस. गुपचूप बसव.”

हिरामाने केविलवाणं हसून मान हलवली, वेड्याच्या बोलण्याला हलवतात तशी.

फुसाए रडत होती, पण सुटल्यासारखी रडत होती. “तुम्हीच होतात ना?” ती पुन्हा पुन्हा विचारत होती. “क्षणभर मला वाटलं… मला भलतंच काहीतरी वाटलं हो. तुम्हीच ना?”

“मीच,” ते म्हणाले. “दुसरं कोण असणार?”

तिने अंगावरचा ॲप्रन पदरासारखा डोळ्यांना लावला, नाक पुसलं आणि पुन्हा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू थोपटू लागली. सुगानुमा समोर बघत बसून राहिले आणि त्यांनी तो हात तिथेच राहू दिला.